आजारी न पडलेली बाळं: महाराज किशन भान आणि ११६ई

पेट, नेट किंवा सेटच्या तयारीत असाल तर 'संशोधन पद्धती'च्या पुस्तकातलं एक वाक्य तुम्ही नक्की पाठ केलं असेल: संशोधनाची सुरुवात समस्येच्या निवडीपासून होते. वाक्य चुकीचं नाही. पण ते वाचून असं वाटतं की समस्या कुठेतरी फडताळात मांडून ठेवलेल्या असतात आणि आपण जाऊन त्यातली एक उचलायची. आज ज्या माणसाबद्दल सांगणार आहे त्याच्यासमोरची समस्या समस्या म्हणून दिसतच नव्हती. दवाखान्यात आजारी पडलेली बाळं सगळ्यांना दिसतात. आजारी न पडलेल्या बाळांची नोंद कोण ठेवतं?

नाव महाराज किशन भान. जन्म ९ नोव्हेंबर १९४७ चा, काश्मीरमधला. एमबीबीएस मात्र आपल्या पुण्यातलं, एएफएमसीमधलं, १९६९ साली. पुढे चंदीगडच्या पीजीआयमधून एमडी, मग दिल्लीच्या एम्समध्ये बरीच वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम. १९९० ला भटनागर पुरस्कार, २००४ ते २०१२ केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव, २०१३ ला पद्मभूषण. स्पर्धा परीक्षेसाठी एवढं पुरे होईल. ते नेमकं काय करत होते हे मात्र या यादीतून अजिबात कळत नाही, म्हणून यादी इथेच सोडू.

सुरुवात जुलाबांपासून करावी लागेल. विषय ऐकायला बरा नाही, पण पाच वर्षांखालची मुलं दगावण्याच्या कारणांमध्ये जुलाब कायम वरच्या रांगेत राहिलेले आहेत. पूर्वी समजूत अशी होती की हे सगळं घाण पाणी आणि जिवाणूंचं काम. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात एक विषाणू दिसला. चाकासारखा गोल, म्हणून लॅटिनमधल्या 'रोटा' म्हणजे चाक या शब्दावरून त्याचं नाव रोटाव्हायरस पडलं.

या विषाणूची एक खोड लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तो फिनलंडमधल्या बाळालाही होतो आणि दिल्लीच्या झोपडपट्टीतल्या बाळालाही. स्वच्छ पाणी, शौचालयं, हात धुणं यांनी कॉलरा जसा आटोक्यात येतो तसा हा येत नाही. फरक पडतो तो पुढे. फिनलंडमधलं बाळ सलाईन लावून दोन दिवसांत घरी जातं, आणि आपल्याकडे ते दवाखान्यात पोचेपर्यंत अंगातलं पाणी संपलेलं असतं. लस येण्याआधीच्या काळासाठीचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत, पण भारतात रोटाव्हायरसने वर्षाला ऐंशी हजार ते एक लाखाच्या घरात मुलं जात होती, असं त्यातले बरेचसे सांगतात.

आता १९८५-८६ चं एम्स. नवजात बाळांच्या कक्षात विष्ठेचे नमुने तपासले जात होते, आणि त्यात रोटाव्हायरस सापडत होता. एकदोन नाही, बऱ्याच बाळांमध्ये. पण या बाळांना जुलाब नव्हते. ती दूध पीत होती, झोपत होती, नेहमीप्रमाणे घरी जात होती.

इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, तुम्ही काय केलं असतं? विषाणू आहे, आजार नाही. बहुतेक ठिकाणी अशा नोंदीपुढे 'लक्षणविरहित संसर्ग' एवढं लिहिलं जातं आणि वही मिटते. डॉक्टरची नोकरी आजाराशी बांधलेली असते, त्यामुळे त्यात गैर काहीच नाही. भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वही मिटली नाही.

या निरीक्षणाचे दोन अर्थ होऊ शकत होते. पहिला अर्थ, विषाणूच सौम्य आहे. दुसरा अर्थ, बाळं नवजात आहेत म्हणून वाचली: आईकडून आलेल्या अँटिबॉडी, आईचं दूध, अजून पुरतं तयार न झालेलं आतडं, यांपैकी कशामुळे तरी. दुसरा अर्थ खरा असेल तर हाच विषाणू तीन महिन्यांच्या बाळाला दिल्यावर ते आजारी पडेल. आणि या दोन्हींपलीकडे तिसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न होता. जन्मल्या जन्मल्या हा संसर्ग होऊन गेलेली बाळं पुढे खऱ्या रोटाव्हायरसच्या तडाख्यातून वाचतात का?

हा तिसरा प्रश्न अगदीच हवेतून आलेला नव्हता, हेही सांगायला हवं. बिशप यांच्याच गटाने १९८३ मध्ये मेलबर्नमधल्या नवजात बाळांबद्दल असं काहीसं दाखवलं होतं: अशा बाळांना पुढे संसर्ग व्हायचा तेवढाच होतो, पण गंभीर आजार कमी होतो. म्हणजे दिल्लीत जे दिसलं त्याला वाचनाची पार्श्वभूमी होती. 'लिटरेचर रिव्ह्यू' हा सिनॉप्सिसमध्ये भरायचा रकाना आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी याकडे पाहावं. तो पेपर माहीत नसता तर दिल्लीतली निरोगी बाळं नुसती निरोगी बाळं राहिली असती.

प्रश्न सोडवायचा तर तुलना हवी. तुलना कोणाशी? रस्त्यावरच्या कुठल्याही मुलांशी करून चालणार नाही. त्याच काळात जन्मलेली, पण नवजात अवस्थेत संसर्ग न झालेली बाळं घ्यायची, दोन्ही गट घरी गेल्यावर त्यांचा पाठपुरावा करायचा, आणि प्रत्येक जुलाबाच्या वेळी नमुना तपासायचा. याला कोहॉर्ट अभ्यास म्हणतात हे तुम्हाला पाठ आहे. पाठ नसतं ते हे, की कोहॉर्ट म्हणजे घरोघर फिरणारी माणसं, बदललेले पत्ते, बाळंतपणानंतर माहेरी गेलेल्या आया आणि उन्हात शीतपेटीतून वाहून आणायचे नमुने. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांना नवजात संसर्ग झाला होता त्यांना पुढे रोटाव्हायरसचे जुलाब कमी झाले.

परीक्षेच्या दृष्टीने इथे एक कच्चा दुवा आहे आणि तो तुम्हाला दिसायला हवा. कोणत्या बाळाला संसर्ग व्हावा हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. जास्त दिवस कक्षात राहिलेल्या बाळांना संसर्गाची शक्यता जास्त, आणि जास्त दिवस राहण्याचं कारण कदाचित वेगळंच काहीतरी. अशा अभ्यासातून 'संबंध दिसतो' एवढंच म्हणता येतं, 'संसर्गामुळेच वाचली' असं म्हणता येत नाही. त्यासाठी कोण काय घेईल हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागतं. तिथपर्यंत पोचायला मात्र अजून बरीच वर्षं लागायची होती.

दरम्यान विषाणूची ओळख पटली. दिल्लीच्या वाणाला ११६ई म्हणतात. रोटाव्हायरसची जनुकं अकरा तुकड्यांमध्ये असतात, आणि एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. ११६ई मध्ये दहा तुकडे माणसाच्या रोटाव्हायरसचे होते आणि एक गायीच्या. प्रयोगशाळेत कोणी हे जुळवलेलं नव्हतं, निसर्गातच झालं होतं. (व्हॅक्सिन हा शब्दच लॅटिनमधल्या गायीवरून आला आहे. दोनशे वर्षांनी गाय पुन्हा अशी मागच्या दाराने आली याची मला गंमत वाटते.)

गोष्ट आणखी रंजक होते ती बंगळुरूमध्ये. तिथे भारतीय विज्ञान संस्थेत सी. दुर्गा राव यांच्या गटाला नवजात बाळांमध्येच असाच एक वाण मिळाला, आय३२१. त्याचं गणित उलटं होतं: बहुतेक तुकडे गायीचे, दोनच माणसाचे. म्हणजे एकाच देशातल्या दोन शहरांमधून, स्वतंत्रपणे, लसीचे दोन उमेदवार. दोन्ही नवजात बाळांमध्ये सापडलेले, दोन्ही निरुपद्रवी वाटणारे, दोन्हींत गायीचा अंश. निवडायचा कोणता?

कागदावर तर्क लढवून हे सुटत नाही. २००६ मध्ये त्या दोघांची एकत्र चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांची ९० बाळं, तीन गट, प्रत्येकाला एकच डोस: ११६ई, आय३२१ किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला, दिसायला तसाच द्राव. रक्तातल्या अँटिबॉडी पुरेशा वाढल्या का ते पाहिलं. ११६ई मिळालेल्यांत ७३ टक्के बाळांमध्ये वाढल्या, आय३२१ मिळालेल्यांत ३९ टक्के.

आणि प्लासिबोमध्ये २० टक्के.

हा तिसरा आकडा सोडून पुढे जाऊ नका. काहीच न दिलेल्या दर पाच बाळांपैकी एकामध्ये अँटिबॉडी कशा वाढल्या? कारण विषाणू आजूबाजूला फिरतच असतो. त्या काही आठवड्यांत त्यांना नैसर्गिक संसर्ग होऊन गेला. आता कल्पना करा की पैसे वाचवायला कोणीतरी प्लासिबो गटच गाळला असता. आय३२१ चे ३९ टक्के पाहून 'ठीक आहे, डोस वाढवून बघू' असं कोणीही म्हटलं असतं. खरं तर त्या ३९ मधला बराचसा वाटा लसीचा नव्हताच. आय३२१ तिथे थांबला. पुढच्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या गटाने दाखवलं की आय३२१ च्या जातीच्या रोटाव्हायरसचा नवजात संसर्ग होऊनही तिथल्या मुलांना पुढे संरक्षण मिळालं नाही. 'नवजात बाळाला झालेला संसर्ग पुढे वाचवतो' हे जे मेलबर्न आणि दिल्लीत दिसलं होतं, ते सगळ्या वाणांना लागू नव्हतं. भान यांच्या मूळ कल्पनेला ही मर्यादा त्यांच्याच देशातून, त्यांच्याच क्षेत्रातल्या माणसांकडून आली, आणि ती छापलीही गेली. मला या इतिहासातली ही सगळ्यात निरोगी गोष्ट वाटते.

आता मधली वर्षं. १९८५ चा विषाणू आणि २००६ ची ९० बाळं, यांच्यामध्ये वीस वर्षं गेली कशात? थोडी कारणं नेहमीची आहेत. भारत आणि अमेरिका यांच्यातला लस कृती कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला आणि त्याखाली एम्स, अमेरिकेतल्या संस्था (रॉजर ग्लास आणि हॅरी ग्रीनबर्ग ही तिकडची दोन प्रमुख नावं) आणि नंतर हैदराबादची भारत बायोटेक, पाथ ही संस्था, गेट्स फाउंडेशन, अशी मंडळी एकेक करून जोडली गेली. बाळाच्या विष्ठेतला विषाणू थेट कोणाच्या तोंडात घालता येत नाही. तो पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवायचा, त्यात दुसरं काही शिरलेलं नाही ना हे तपासायचं, आधी प्रौढांना, मग मोठ्या मुलांना, आणि मग बाळांना द्यायचं.

पण एक कारण नेहमीचं नव्हतं. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशिल्ड नावाची पहिली रोटाव्हायरस लस परवानगी घेऊन बाजारात आली आणि १९९९ मध्ये मागे घ्यावी लागली. ती घेतलेल्या काही बाळांमध्ये आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकत होता. दुर्बिणीची नळी आत सरकते तसं. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळ दगावू शकतं. प्रमाण दहा हजारात सुमारे एक. ही घटना घडल्यावर जगातल्या प्रत्येक रोटाव्हायरस लसीपुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि तो पुढे आपल्या गोष्टीतही परत येणार आहे.

भान मधल्या काळात फक्त या विषाणूची वाट पाहत बसले नव्हते. जुलाब झालेल्या मुलांना जस्त, म्हणजे झिंक, दिल्यावर काय होतं यावरची दिल्लीतली चाचणी १९९५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, तिच्या लेखकांत ते आहेत. आजार लवकर आटोपतो असं तिच्यात दिसलं. आज आशाताई ओआरएसच्या पुड्यांबरोबर झिंकच्या गोळ्या देतात त्यामागे जगभरातले असे अनेक अभ्यास आहेत, त्यातला हा एक महत्त्वाचा. मला वाटतं, लसशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख झाली असली तरी त्यांचा खरा विषय जुलाबाने आजारी पडणारं मूल हाच होता. लस हे त्यातलं एक उत्तर.

तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. तीन केंद्रं होती: दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं वढू. शिरूर तालुक्यातल्या वाचकांना वढू बुद्रुक सांगायला नको. एकूण ६,७९९ बाळं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना एकेक डोस. दर तीन बाळांपैकी दोघांना लस, एकाला प्लासिबो, आणि कोणाला काय मिळालं हे ना आईला माहीत ना डॉक्टरला. आठवड्याला घरभेट, प्रत्येक जुलाबाची नोंद, आणि आजार किती गंभीर हे ठरवायला ताप, उलट्या, किती वेळा शी झाली यांवर आधारलेली वीस गुणांची मोजपट्टी. अकरा किंवा जास्त गुण म्हणजे गंभीर.

निकाल तुम्ही स्वतः काढा, वही घ्या. लस गटात गंभीर रोटाव्हायरस जुलाबाच्या ७१ घटना, ४,७५२ बालवर्षांमध्ये. प्लासिबो गटात ७६ घटना, २,३६० बालवर्षांमध्ये. (बालवर्ष म्हणजे एका बाळाचं एक वर्ष निरीक्षण. सगळी बाळं सारखा काळ टिकत नाहीत म्हणून भागाकार बाळांच्या संख्येने न करता काळाने करतात.) ७१ आणि ७६ पाहून 'अरे, सारखंच की' असं वाटेल, म्हणूनच भागायचं. लस गटात दर शंभर बालवर्षांमागे १.४९, दुसऱ्यात ३.२२. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.४६४. एकातून वजा करा. परिणामकारकता ५३.६ टक्के. आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा ३५ ते ६६.९, म्हणजे खरा आकडा या पट्ट्यात कुठेतरी असण्याची शक्यता मोठी.

मे २०१३ मध्ये पहिले निकाल जाहीर झाले, तेव्हा अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती: निम्मीच? गोवर, पोलिओच्या लसींची सवय असलेल्यांना हे नापास झाल्यासारखं वाटतं. पण परदेशी कंपनीची रोटारिक्स लस युरोपात नव्वदच्या वर काम करत होती आणि तीच लस आफ्रिकेतल्या मलावीत ४९ टक्क्यांवर आली होती. म्हणजे आकडा लसीचा एकटीचा नसतो, ती कोणत्या आतड्यात पडते त्याचाही असतो. शिवाय जिथे आजार जास्त तिथे निम्मा कमी करणं म्हणजे पुष्कळ मुलं. आत्ताच्याच आकड्यांतून काढा: शंभर बालवर्षांमागे १.७३ गंभीर आजार टळले, म्हणजे साधारण ५८ बाळांना वर्षभर संरक्षण दिलं की एक बाळ दवाखान्यात जायचं वाचतं. भारतात दरवर्षी अडीच कोटींच्या आसपास बाळं जन्मतात. आता गुणाकार करा.

या चाचणीवर दोन मोठे आक्षेप आले. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ते टाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्लासिबोचा. २०११ मध्ये दोन परदेशी लसी खाजगी दवाखान्यांत विकत मिळत होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेने रोटाव्हायरस लसीची शिफारस केलेली होती. मग दोन हजारांहून जास्त बाळांना नुसता द्राव पाजणं योग्य होतं का? बाजूने सांगितलं गेलं की सरकारी कार्यक्रमात तेव्हा एकही रोटाव्हायरस लस नव्हती, दोन्ही गटांतल्या मुलांना जुलाबावर वेळेवर उपचार मिळत होते, आणि इथल्या बाळांमध्ये महागड्या लसी किती चालतात हेच पुरतं ठाऊक नव्हतं. मला हा युक्तिवाद पटतो, पण पूर्ण पटत नाही. वढूतल्या ज्या आईचं बाळ प्लासिबो गटात होतं तिला संमतिपत्रावर सही करताना शहरातल्या दवाखान्यात अशी लस मिळते हे किती समजलं असेल, हा प्रश्न शिल्लक राहतोच. नैतिकता समितीचा फॉर्म भरताना तो आठवा.

दुसरा आक्षेप इंटससेप्शनचा. चाचणीत लस गटात ६ आणि प्लासिबो गटात २ बाळांना तो झाला, सगळे तिसऱ्या डोसनंतर. गट दोनास एक प्रमाणात होते, म्हणजे काहीच फरक नसता तर ४ ला २ अपेक्षित. ६ ला २ यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही, कुठल्याच बाजूने नाही. दहा हजारात एक अशी घटना पकडायला ६,७९९ बाळं पुरतच नाहीत. रोटाशिल्डच्या धक्क्यानंतर परदेशी लसींच्या चाचण्या साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या त्या याच कारणाने. आपल्याकडे तेवढी चाचणी करायला पैसा नव्हता. काही डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी तिन्ही केंद्रांचे वेगवेगळे आकडे जाहीर करा अशी मागणी केली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. संख्याशास्त्राच्या बाजूने उत्तर असं की इतक्या थोड्या घटना तीन ठिकाणी विभागल्या की योगायोगच मोठा दिसतो. हे खरं आहे. पण सार्वजनिक पैशांतून झालेल्या चाचणीचा डेटा मागणं हेही गैर नाही.

मग उत्तर मिळालं कसं? लस कार्यक्रमात आल्यानंतर, एप्रिल २०१६ ते जून २०१९ या काळात देशातल्या २७ रुग्णालयांत इंटससेप्शन झालेल्या बाळांची नोंद ठेवली गेली. आता तुलना कोणाशी करायची? लस सगळ्यांनाच मिळू लागलेली. इथे वापरलेली युक्ती मला फार आवडते. प्रत्येक बाळाची तुलना त्याच्या स्वतःशी करायची: लस दिल्यानंतरच्या तीन आठवड्यांत हा त्रास जास्त होतो का, की त्याच बाळाच्या आयुष्यातल्या बाकीच्या आठवड्यांइतकाच? लसीमुळे होत असेल तर घटना डोसनंतर लगेच गोळा झालेल्या दिसतील. साडेपाचशेहून अधिक बाळांच्या नोंदींत तसं दिसलं नाही. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. रोटाशिल्डनंतर वीस वर्षांहून थोडं जास्त, भारतात लस सुरू झाल्यानंतर चार वर्षं. त्या चार वर्षांत लस लाखो बाळांना दिली जातच होती. निर्णय आधी आणि पुरावा नंतर, असं सार्वजनिक आरोग्यात पुष्कळदा घडतं, आणि ते सोसायची तयारी लागते.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. चाचणी चालू असताना भान जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव होते आणि तिच्या पैशांत त्या विभागाचाही वाटा होता. ज्याच्या हातून विषाणू पुढे आला तोच निधी देणाऱ्या खात्याचा प्रमुख. चाचणी मात्र त्यांनी चालवली नाही. लॅन्सेटमधल्या २०१४ च्या पेपरच्या पहिल्या लेखिका सोसायटी फॉर अप्लाइड स्टडीजच्या नीता भंडारी आहेत, आणि डेटावर स्वतंत्र मंडळाची नजर होती. अशा वेळी व्यक्ती प्रामाणिक आहे का हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. रचना तपासावी लागते, आणि ती तपासण्याइतके कागद बाहेर असावे लागतात.

किंमतीचं काय झालं हे थोडक्यात. भारत बायोटेकने एक डॉलरला डोस द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे त्या वेळचे पन्नास-पंचावन्न रुपये. रोटाव्हॅक या नावाने लसीचं ९ मार्च २०१५ ला अनावरण झालं, २०१६ मध्ये ओडिशा, हिमाचल, हरियाणा आणि आंध्र या चार राज्यांतून ती सरकारी लसीकरणात आली, २०१८ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह उरलेल्या राज्यांत रोटाव्हायरस लस पोचली. तोवर पुण्याच्या सीरमची रोटासिलही आलेली होती. आज कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सहाव्या आठवड्याला पोलिओच्या थेंबांबरोबर बाळाला ही लस पाजतात. रोटाव्हॅक असेल तर पाच थेंब.

भान २६ जानेवारी २०२० ला गेले. निम्म्याच बाळांना संरक्षण का मिळतं, याचं उत्तर तेव्हा नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. वेल्लोरमध्ये जन्मापासून तीन वर्षं पाठपुरावा केलेल्या ३७३ मुलांत नैसर्गिक संसर्गही तीनदा झाल्यावर मध्यम-गंभीर आजारापासून ७९ टक्केच संरक्षण देत होता, तर मेक्सिकोतल्या अशाच अभ्यासात दोन संसर्गांतच जवळपास पूर्ण संरक्षण मिळालं होतं. म्हणजे दोष लसीत नसावा, आतड्यात काहीतरी आहे. आईकडून आलेल्या अँटिबॉडी, सोबत दिलेली पोलिओची लस, आतड्यातले इतर जंतू, कुपोषण, प्रत्येकाला वकील आहेत. वेल्लोरच्याच गटाने लसीबरोबर प्रोबायोटिक आणि भान यांच्या ओळखीचं झिंक देऊन पाहिलं. झिंक एकट्याने फरक पडला नाही. दोन्ही मिळून पडला तो इतका थोडा की त्यावर कार्यक्रम उभा करता येणार नाही. सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल तर हा प्रश्न अजून मोकळा आहे.